नक्षीदार पत्रकागदाची कहाणी : जुन्नरी कागदापासून ई-मेलपर्यंत

पत्र म्हटले की आपल्याला त्यातला मजकूर आठवतो. ज्या कागदावर तो लिहिला, तो कागद सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. आज पत्रे संगणकावरून जातात, तेथे तर कागदच उरलेला नाही. तरीसुद्धा आपल्या शाळांतील संगणककक्षात बसलेला एखादा मुलगा ईदच्या किंवा दिवाळीच्या शुभेच्छा लिहितो, तेव्हा मजकुराच्या मागे फुलांची नक्षी घालतो, कडेला वेलबुट्टी काढतो, एखाद्या छायाचित्राचा रंग फिका करून त्यावर अक्षरे उमटवतो. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. “पत्रात चार शब्द नीट लिही, ही चित्रे कशाला?” असे आपण म्हणतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून येथे मला त्या मुलाची बाजू थोडीशी मांडायची आहे. पत्राची पार्श्वभूमी सजवण्याची ही हौस संगणकाने आणलेली नाही. ती निदान चारशे वर्षांची आहे. तिच्यासाठी कागद करणारे, रंग घोटणारे, सोन्याचा वर्ख शिंपडणारे कारागीर दख्खनमध्ये होते. ज्या घाटवाटा आपल्या शहापूर-मुरबाडच्या शिवेवर उतरतात, त्यांच्या माथ्यापलीकडेच त्यांपैकी काहींची घरे होती. मात्र त्या जुन्या कारागिरांनी जो एक नियम पाळला, तो आपल्या मुलांना कोणी सांगितलेला नाही. तो नियम सांगण्यासाठी हा लेख आहे.

कागदाची वाट

कागद करण्याची विद्या चीनची. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने झाडाच्या साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. आठव्या शतकात ही विद्या समरकंदला आणि तेथून बगदादला पोहोचली. बगदादच्या दरबारी कचेऱ्यांतून चामड्याऐवजी कागद वापरात आला आणि पुढे इस्लामी जगातील ग्रंथालये कागदी ग्रंथांनी भरून गेली. युरोपनेही कागदाचा धडा गिरवला तो अरबांकडूनच.

आपल्या देशात काश्मीरचा सुलतान झैनुल आबिदीन याने पंधराव्या शतकात समरकंदहून कारागीर आणवून कागदाचा धंदा भरभराटीस नेला. दख्खनमधील कथा त्याहून जुनी सांगितली जाते. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली, तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर कागदी लोकही आले आणि किल्ल्याजवळ वसले, अशी परंपरा आहे. त्या वस्तीचे नाव कागजीपुरा. दौलताबादहून खुलताबादेकडे जाताना हे गाव आजही लागते आणि हातकागदाची ओळख त्याने टिकवून धरली आहे.

कागदी ही मुसलमानांमधील एक कारागीर जमात. धंद्यावरूनच तिला नाव पडले. खानदेशात एरंडोल, पुणे प्रांतात जुन्नर ही तिची नामांकित ठाणी होती. पेशवाईत पुण्यास दप्तराचे काम वाढले, कागदाची मागणी वाढली, तेव्हा कसबा पेठेत नदीकाठी कागदी लोकांची वस्ती झाली. त्या भागाला कागदीपुरा हे नाव आजतागायत आहे. मराठी कागदपत्रांत ‘दौलताबादी’ आणि ‘जुन्नरी’ ही कागदाची नावे, आज आपण एखाद्या मालाचे नाव घ्यावे, तशी सहज येतात.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. जुन्नरहून कोकणात उतरायचे तर नाणेघाट ही सातवाहनकाळापासूनची वाट. घाटमाथ्यावर लेणे आहे, शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे. घाट उतरला की पायथ्याचे वैशाखरे गाव आपल्या मुरबाड तालुक्यात येते. तेथून मुरबाडवरून सरळ कल्याण बंदर. ज्या गावात मराठी राज्याचा कागद तयार होत होता, त्या गावाची बंदराकडे जाणारी जुनी वाट अशी आपल्या उंबऱ्यावरून जाते. मुरबाडची मुले सहलीला नाणेघाटात जातात, रांजणापाशी छायाचित्रे काढतात. पलीकडच्या गावाच्या कागदावर राज्ये चालली, हेही त्यांना तेथेच सांगितले पाहिजे.

कागद कसा होत असे

हा धंदा मोठ्या कष्टाचा होता. तागाची जुनी पोती, दोरखंड, जाळी, चिंध्या असा टाकाऊ माल गोळा करायचा. तो चुन्याच्या निवळीत भिजत घालून कुजवायचा, धुवायचा, पायाने चालणाऱ्या जड लाकडी उखळीत कुटायचा, पुन्हा धुवायचा. असे कितीतरी वेळा केल्यावर त्याचा लगदा होई. पाण्याने भरलेल्या हौदात हा लगदा ढवळून गवताच्या बारीक काड्यांची चटई लाकडी चौकटीवर ठेवून आत बुडवायची आणि आडवी वर उचलायची. पाणी गळून जाई, चटईवर लगद्याचा पातळ थर राही. तोच कागद. तो भिंतीवर चिकटवून वाळवीत.

पण असा कागद लिहिण्यास योग्य नसे. त्यावर शाई फुटे. म्हणून त्याला तांदळाची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ लावीत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा अकिकाच्या घोट्याने घोटीत. घोटता घोटता कागदाला हस्तिदंतासारखी चकाकी येई. बोरूचे टोक त्यावरून न अडखळता फिरे आणि काजळाची शाई पृष्ठभागावर नीट बसे. जुन्या कागदांतील अक्षरे तीनशे वर्षांनंतरही काळीभोर दिसतात, त्याचे रहस्य या खळीत, या घोटण्यात आणि काजळाच्या शाईत आहे.

येथवर झाला साधा कागद. सजावट यापुढे सुरू होते.

अब्री आणि अफशान

सजावटीच्या दोन रीती विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली अब्री. फारसीत ‘अब्र’ म्हणजे ढग. ढगांसारखी रंगांची लाट ज्यावर उमटली आहे, तो अब्री कागद. ही कला इराण, मध्य आशिया आणि तुर्कस्तानात वाढली. तुर्की लोक तिला ‘एब्रू’ म्हणतात. तिची कृती मोठी मजेदार आहे. पसरट भांड्यात पाणी घेऊन ते बुळबुळीत आणि दाट करायचे. यासाठी आपल्या स्वयंपाकघरातली मेथी उपयोगी पडे. मेथीदाणे भिजवले की पाण्याला जो चिकटपणा येतो, त्यावर रंग तरंगत राहतात. रंगात जनावराच्या पित्ताचा अंश मिसळला की थेंब बुडत नाही, पसरतो. एकावर एक रंगाचे थेंब टाकायचे आणि काडीने किंवा फणीने हलकेच ओढायचे. ढग, लाटा, मोरपिसे अशी नक्षी पाण्यावर तयार होते. मग तुरटीचे पाणी लावून वाळवलेला कागद अलगद त्यावर ठेवायचा आणि उचलायचा. पाण्यावरची नक्षी कागदावर येते. तशीच दुसरी नक्षी पुन्हा कधीही होत नाही.

दख्खनच्या कारागिरांनी या कलेत जी करामत केली, तिला जगात तोड नाही. सतराव्या शतकात, विजापूरच्या आदिलशाहीत, त्यांनी अब्रीच्या नक्षीतून माणसे आणि जनावरे उभी केली. ज्या भागात नक्षी नको तो डिंकाने किंवा कातरलेल्या कागदाने झाकायचा आणि मग कागद रंगावर ठेवायचा. हाडाडलेल्या घोड्यावर बसलेला फकीर, असे एक अब्री चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. घोड्याचे अंग अब्रीच्या लाटांनी भरले आहे आणि भोवतालचा कागद कोरा आहे. आजचा विद्यार्थी संगणकावर चित्राचा एक भाग झाकून दुसऱ्यावर रंग चढवतो, तेव्हा तो हीच युक्ती निराळ्या साधनाने करीत असतो.

दुसरी रीत अफशान, म्हणजे शिंपण. सोन्याचा वर्ख बारीक करून ओलसर, चिकट कागदावर चाळणीतून शिंपडायचा आणि वाळल्यावर घोटायचा. कागदावर सोन्याचे कण चांदण्यांसारखे चमकू लागतात. असा जरअफशान कागद मोठ्या मानाच्या पत्रांसाठी राखून ठेवलेला असे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लेखनकला, चित्रकला, शाही फर्माने आणि मोहरा यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. यावरून पत्राच्या रूपाला राज्यकारभारात केवढे महत्त्व होते हे दिसते.

आणि आता तो नियम. या नक्षीदार कागदांवर मजकूर कोठे असे? जुन्या चित्रसंग्रहांची पाने पाहिली तर असे दिसते की भडक अब्री बहुधा हाशियात, म्हणजे कडेच्या समासात लावीत. मध्ये साधा किंवा फिकट रंगाचा चौकोन ठेवून त्यावर सुलेखन चिकटवीत. अब्रीवरच लिहायचे असेल तर नक्षी फिकी ठेवीत. अफशान कागदावरचे सोन्याचे कणही विरळ असत, अक्षराच्या आड येत नसत. खलीलुल्ला नावाच्या इराणी सुलेखनकाराला विजापूरच्या इब्राहीम आदिलशहा दुसरा याने ‘लेखणीचा बादशहा’ ही पदवी दिली होती. ज्या दरबारात लेखणीला बादशाही मिळे, तेथे नक्षीने तिच्या पायाशी बसावे हे ओघानेच आले. पार्श्वभूमी कितीही सुंदर असो, तिने अक्षराला वाट करून द्यावी, असा हा नियम आहे.

खलिता, मोर्तब आणि आपले कोकण

हा सारा विजापूरचा थाट आपल्या भागापासून दूरचा, असे समजू नका. १६३६ मध्ये शहाजीराजे आपल्या शहापूरजवळच्या माहुली गडावर वेढ्यात सापडले आणि निजामशाहीचा शेवट झाला. त्यानंतरच्या तहाने कल्याण-भिवंडीचा मुलूख विजापूरकडे आला आणि १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी तो घेईपर्यंत आदिलशाहीकडेच राहिला. म्हणजे वीस-एकवीस वर्षे येथील कारभाराचे हुकूम विजापुराहून येत होते. आदिलशाहीच्या मुलकी कारभारात मराठीला जागा होती. वर फारसी आणि खाली मोडी अक्षरात मराठी असे द्विभाषिक कागद त्या काळचे उपलब्ध आहेत. एकाच कागदावर दोन भाषा आणि दोन लिप्या शेजारधर्माने नांदत होत्या, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे.

मराठी राज्यातील रोजच्या कारभाराची पत्रे मात्र अगदी साधी असत. वर श्रीकार, डावीकडे घडी घालून सोडलेला समास, आरंभी शिक्का आणि शेवटी ‘मोर्तब’. एवढीच त्यांची सजावट. तिला अर्थ होता. मोर्तब पडल्यावर त्याखाली कोणाला एक अक्षरही वाढवता येत नसे. येथे नक्षी पत्राची राखण करी. पण राजे-रजवाड्यांना पाठवायची पत्रे निराळी. ती सोनेरी शिंपणाच्या, वेलबुट्टीच्या कागदावर लिहीत, किनखाबाच्या थैलीत घालीत आणि थैलीला दोरीने लाखेची मोहर लटकवीत. या थैलीला फारसीत ‘खरीता’ म्हणतात. त्याचाच मराठीत ‘खलिता’ झाला. थैलीचे नाव आतल्या पत्राला मिळाले! मजकूर वाचण्यापूर्वीच वेष्टनाने आपले काम केलेले असे, हे यावरून समजावे.

टपाल आले आणि नक्षी आखडली

१८५४ मध्ये सर्व हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे निघाली आणि पत्राचा दर वजनावर ठरू लागला. त्याच सुमारास बोरीबंदराहून निघालेली आगगाडी कल्याणला पोहोचली आणि पुढे वासिंद, आसनगाव करीत कसाऱ्याच्या घाटाखाली आली. डाक जलद झाली, स्वस्त झाली, साध्या माणसाच्या आवाक्यात आली. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण वजनाचे पैसे पडू लागल्यावर जाड, खळ लावलेला, घोटलेला कागद पत्राला परवडेना. यंत्रावरचा पातळ विलायती कागद आला, तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला आणि कागदी लोकांच्या हौदांतले पाणी आटत गेले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघाले. त्यावर नक्षीला जागाच नव्हती.

तथापि माणसाची हौस अशी मरत नाही. तिने चार बोटांच्या जागेतही आपला मार्ग काढला. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागले. दुःखाच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडला जाऊ लागला. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की घरात कोणाला वाचता येत नसले तरी बातमी कळे. मुसलमान घरांतील पत्रांच्या माथ्यावर ७८६ हा आकडा आला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिळाछापाने लाहोर, दिल्ली, मुंबईस रंगीत ईदकार्डे छापली जाऊ लागली. चंद्रकोर, मिनार, गुलाबाची फुले आणि मध्ये दोन ओळींपुरती मोकळी जागा असे त्यांचे रूप असे. १९७० नंतर आपल्या कोकणातील कितीतरी घरचे कर्ते पुरुष आखाती देशांत कामाला गेले. लाल-निळ्या तिरप्या पट्ट्यांचा हवाई टपालाचा लिफाफा दारात आला की आत काय आहे हे कळण्यापूर्वीच घर उजळून निघे. ती लाल-निळी कड हीसुद्धा एक पार्श्वभूमीच होती. हळदकुंकू, फाटका कोपरा, ७८६, लाल-निळी कड यांतील एकही गोष्ट मजकुराचा भाग नव्हती. पण पत्र आनंदाचे की दुःखाचे, कोणाचे आणि कोठून, हे सांगण्याचे काम त्यांनी केले.

हातकागदालाही पुन्हा थोडे दिवस आले. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याने हातकागदाचे काम हाती घेतले. १९४० मध्ये पुण्यास हातकागद संस्था सुरू झाली. आणि स्वतंत्र भारताने आपले सर्वांत मोठे पत्र, म्हणजे स्वतःच्या नागरिकांना लिहिलेली राज्यघटना, कशी सजवली ते पाहा. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी केले, हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी केली. तेथेही नक्षी कडेला आहे, चित्र माथ्यावर आहे आणि अक्षरे मध्ये मोकळी आहेत. विजापूरच्या कारागिराचा नियम येथेही पाळला गेला आहे.

संगणकाचे पत्र

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर जाळ्यामार्फत पहिला ई-मेल पाठवला. त्या पत्रांत केवळ अक्षरे असत. १९९२ मध्ये ‘माइम’ नावाचे नियम ठरले आणि पत्राबरोबर चित्रे, आवाज पाठवणे शक्य झाले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘आउटलुक एक्स्प्रेस’मध्ये ‘स्टेशनरी’ नावाची सोय आली. स्टेशनरी म्हणजे पत्रासाठी तयार पार्श्वभूमी. मजकुराखाली जणू रंगीत कागद अंथरलेला. चित्रे सुधारण्याची सॉफ्टवेअरेही तोपर्यंत आली होती. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी केलेले ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये बाजारात आले. ‘गिम्प’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर १९९६ मध्ये निघाले आणि ते आजही कोणालाही घेता येते. मग जगभरच्या हौशी लोकांनी स्वतःच्या पार्श्वभूमी तयार करण्याचा सपाटाच लावला.

हा बहर फार टिकला नाही. ‘आउटलुक एक्स्प्रेस’ विंडोज एक्सपीबरोबरच संपले. लोक संकेतस्थळावरून आणि नंतर मोबाइलवरून पत्रे पाहू लागले, तेथे त्या नक्षी मोडून दिसत. आज सकाळी सकाळी मोबाइलवर येणारी शुभेच्छांची चित्रे हे त्याच हौसेचे धाकटे भावंड. त्यांत बहुतेक वेळा अक्षरेही चित्राचाच भाग झालेली असतात आणि पाठवणाऱ्याचे स्वतःचे एक अक्षरही नसते. चारशे वर्षांत प्रथमच पार्श्वभूमीने पत्र गिळून टाकले, असे मला वाटते.

विद्यार्थ्यांनी काय करावे

म्हणून मुलांना नक्षी सोडा असे सांगू नये. नक्षी नीट करा, असे सांगावे. कृती अवघड नाही.

प्रथम पार्श्वभूमी आपल्या आसपासची घ्या. हातकागदाचा तुकडा, सागाचे वाळलेले पान, आजीच्या गोधडीचा कोपरा, पावसानंतर शेवाळलेला दगड, सारवलेली भिंत. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. तेथील डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. गेरूच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ किती स्वच्छ उठून दिसते! पार्श्वभूमी आणि रेघ यांच्या रंगांत पुरेसे अंतर हवे, हा धडा वारली बाईच्या भिंतीवर आधीच लिहिलेला आहे.

त्या वस्तूचे छायाचित्र काढा किंवा ती स्कॅन करा. सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यावर पांढऱ्या रंगाचा एक थर चढवा आणि त्या थराची पारदर्शकता कमीजास्त करून खालचे चित्र इतके फिके करा की ते जाणवेल, पण डोळ्यांत भरणार नाही. पूर्ण पानभर नक्षी नको असेल तर केवळ डाव्या कडेला पट्टी ठेवा. हाच जुना हाशिया. लहान चित्र सर्व पानावर फरशीसारखे मांडायचे असेल तर ते अर्धे सरकवून कडांचा जोड मध्यभागी आणा आणि तेथे तो पुसून घ्या, म्हणजे सांधा दिसणार नाही. चित्र आकाराने लहान ठेवा, जड पत्र ग्रामीण भागातील संथ जाळ्यावर उघडत नाही. टपालाच्या काळी वजनाचे पैसे पडत, आता वेळ पडतो, एवढाच फरक.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असा संकेतस्थळांसाठी आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कमी दिसणाऱ्या माणसालाही वाचता यावे, हा त्यातला हेतू. आणि मजकूर कधीही चित्रात गोठवू नका. तो अक्षररूपातच ठेवा, म्हणजे तो शोधता येतो, मोठा करता येतो आणि ज्याला दिसत नाही त्याला यंत्राकडून वाचवून घेता येतो.

शेवटची परीक्षा सोपी आहे. पार्श्वभूमी काढून टाका आणि पत्र वाचून पाहा. पत्र पत्र राहत असेल तर नक्षी योग्य. पत्रच उरत नसेल तर आधी पत्र लिहा.

पेटीतले कागद

वाचकहो, एक काम पालकांसाठीही आहे. आपल्या शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याणकडच्या जुन्या घरांत माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत कागद पडून आहेत. एखादी सनद, निकाहनामा, मोडीतले खरेदीखत, सावकाराची पावती, आखातातून आलेली पत्रे. चार महिने कोसळणाऱ्या आपल्या पावसात त्यांना दमट हवा खाते, कसर लागते, वाळवी लागते. जुन्या नक्षीतला हिरवा जंगाल तर स्वतःच कागद पोखरतो. ‘कोणाला वाचता येते ते?’ म्हणून घर दुरुस्त करताना हे कागद बाहेर पडतात आणि रद्दीत जातात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे बावीस खंड उभे केले. १९१० मध्ये त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत, म्हणजे कापडाच्या बासनांत बांधलेले राहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आपणही तेवढे करू शकतो. कागदाला चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. आणि घरातल्या ज्या मुलाला संगणकावर फुले काढता येतात, त्याला बोलावून त्या कागदाचे छायाचित्र घ्यायला सांगा. दोन्ही बाजूंचे, समासासकट, शिक्क्यासकट.

असे झाले तर त्या मुलाला आपल्या पत्रासाठी नक्षी शोधायला परमुलखात जावे लागणार नाही. पणजोबांच्या निकाहनाम्याच्या कडेची वेल, जुन्नरी कागदाचा तांबूस पोत, मोर्तबाचा ठसा त्याच्या हाताशी असेल. या मुलांपैकी काहींची आडनावे कागदी आणि कागजी असतील. त्या आडनावात समरकंद, दौलताबाद आणि जुन्नर दडलेले आहे, हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे. ते काम शाळेचे आहे, आणि शाळेइतकेच घराचेही आहे.